अर्थ लागत नाही

थंडी ही गोष्ट परमेश्वराने नेमकी कशासाठी निर्माण केली, याबद्दल जाणकारांत मतभेद असतील. कुणी म्हणेल गव्हासाठी, कुणी म्हणेल हुरड्यासाठी, कुणी म्हणेल बसस्टँडबाहेर स्वेटर विकायला बसणाऱ्यांसाठी. माझं मत निराळं आहे. थंडीचा खरा उपयोग कारण म्हणून होतो. दही लागलं नाही – थंडी. गुडघा धरला – थंडी. कारकून साडेअकराला हापिसात उगवला – थंडी. पोराला सहामाहीत गणितात अकरा मार्क पडले, तरी त्याची आजी म्हणणार, "गारठ्यात बोटं वळत नाहीत हो लेकराची!" थंडीसारखा गरीब आरोपी दुसरा नाही. ती रागावत नाही, उलट उत्तर देत नाही, वकील देत नाही, आणि संक्रांत उलटली की हळूहळू आपणहून निघून जाते. त्यामुळे खटला चालवायची वेळच येत नाही.

आमच्या मराठवाड्याला ही सोय वर्षातून जेमतेम दोन महिने मिळते. बाकीचे महिने आम्ही उन्हाच्या आणि न पडलेल्या पावसाच्या नावाने निभावून नेतो. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरला, की मग मात्र सगळं गाव कानाला मफलर बांधून एकमुखाने थंडीला जबाबदार धरतं.

मोटारगाडीच्या बाबतीत तर दोन्ही ऋतूंनी आपसांत वाटणीच करून घेतली आहे. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या ज्यांनी चालवल्या, त्यांना हे सांगायला नको. उन्हाळ्यात पेट्रोलची नळीतच वाफ होते, म्हणून गाडी बंद पडते. मग पंपावर (बॉनेटखालच्या, रस्त्यावरच्या नव्हे) ओलं फडकं टाकून लिंबाच्या सावलीत बसायचं. हिवाळ्यात त्याच पेट्रोलची वाफ होत नाही, म्हणून गाडी चालू होत नाही. मग चोक ओढायचा, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. वाफ झाली तरी बंद, नाही झाली तरी बंद. पेट्रोलने करावं तरी काय?

गाडी का चालू होत नाही, हा प्रश्न गॅरेजचा आहे असं आपण समजतो. मी म्हणतो, तो नीतिशास्त्राचा आहे. कारण 'का' विचारणाऱ्याला निम्म्या वेळा 'कुणामुळे' असं विचारायचं असतं. माझ्या मामांच्या गाडीवरून हे माझ्या पक्कं ध्यानात आलं.

मामा सेनगावचे. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. सबंध गाव त्यांना गुरुजी म्हणतं. गाडीच्या कंपनीचं नाव मी सांगत नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हा नियम गाड्यांनाही लावावा असं मला वाटतं. एवढंच सांगतो, की गाडी पेट्रोलवरची आहे, कार्बोरेटरवाली आहे, आणि परभणीच्या नंबरची आहे. आता सेनगाव हिंगोली जिल्ह्यात, मग नंबर परभणीचा कसा? तर १ मे १९९९ रोजी परभणीचे दोन भाग होऊन हिंगोली जिल्हा झाला, आणि गाडी त्याच्या आधीची. म्हणजे ही गाडी अंगणातून चाकभर न हलता एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेली. तो तिचा आजवरचा सर्वांत विनातक्रार प्रवास.

तर मागच्या डिसेंबरात ही गाडी सकाळची चालू होईना. किल्ली फिरवली, की झोपेतून उठवलेल्या म्हाताऱ्यासारखा "कुंऽई... कुंऽई..." असा आवाज यायचा आणि तिसऱ्या 'कुंई'ला सगळं शांत. दुपारी उन्हं अंगणात आली, की तीच गाडी दोन-चार प्रयत्नांत निमूट चालू. तेव्हा आरोपी जागच्या जागी सापडला. थंडी!

पण थंडीला दोष देऊन गाडी चालू होत नाही, ही तिची एकमेव अडचण आहे. मग पुढची कारणं शोधावी लागतात. आपल्याकडे आजारी माणसाभोवती आणि बंद गाडीभोवती जमणारे लोक एकच असतात. बँकेतले एक शेजारी म्हणाले, "बॅटरी बसली." नवी बॅटरी आणली. गाडी दोन दिवस सुरळीत चालली, तिसऱ्या दिवशी गारठा वाढला आणि पुन्हा 'कुंई'. या दोन दिवसांनी फार घोटाळा केला. बॅटरी नवी, म्हणजे विजेचा प्रश्न मिटला, असं सर्वांनी धरून टाकलं. शिवाय हॉर्न असा वाजत होता, की कोपऱ्यावरची कुत्री उठत होती. मग कुणी प्लग पॉलिश पेपरने घासले. कुणी पेट्रोलमध्ये पाणी असल्याचा संशय घेतला. कुणी ऑइल घट्ट झालं म्हणालं. ऑइलच्या डब्यावर '२०-डब्ल्यू-५०' असं लिहिलेलं असतं, त्यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हेही त्याने सांगितलं. म्हणजे थंडीचं नाव डब्यावरच छापलेलं निघालं! मामींनी बंपरला लिंबू-मिरची बांधली. गाडीचं तोंड दक्षिणेला आहे, असं एका वास्तुतज्ज्ञाने फाटकातून जाता जाता सांगितलं. शेवटी रोज रात्री बॉनेटवर घोंगडी टाकायला सुरुवात झाली. सकाळी पाहावं तर आत मामा मफलर बांधून आणि बाहेर गाडी घोंगडी पांघरून, दोघंही सुरू व्हायला तयार नाहीत.

आणि मग धक्का. समोरच्या चौकातले आठ जण रोज सकाळी धक्क्याला यायचे. त्यातले निम्मे मामांचे विद्यार्थी. दहा पावलं ढकलली, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, की गाडी पहिल्या हिसक्यात चालू. जणू काही झालंच नव्हतं.

आता यात डायवर कुठून आला ते सांगतो. डोळ्याच्या ऑपरेशनपासून मामा गाडी चालवत नाहीत. मामींना गुडघ्यासाठी आठवड्यातून दोनदा हिंगोलीला दवाखान्यात न्यावं लागतं. त्यासाठी गावातलेच एक पन्नाशीचे गृहस्थ यायचे. दोन एकरांत हळद आणि सोयाबीन करणारा माणूस, फेरीप्रमाणे पैसे घ्यायचा. गाडी बिघडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो मामांना म्हणाला होता, "गुरुजी, किल्ली मारताना चोक धरला का बोटाला चटका बसायलाय. तार पोळायली."

मामा म्हणाले, "अरे, एवढ्या थंडीत काहीतरी गरम लागतंय हे नशीब समज!"

आठही जण हसले. विनोद बरा होता, हे मीही मान्य करतो.

पुढे आठवडाभर बॅटरी झाली, प्लग झाले, पेट्रोल झालं, लिंबू-मिरची झाली, आणि सगळी कारणं संपली. कारणं संपली की माणसं उरतात. कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, डायवर चोक जास्त ओढतो. इंजिन पेट्रोलने भरून जातं, मग कुठून चालू होणार?" असं होतं, यात खोटं काही नाही. चोक फार ओढला की प्लग ओले होतात आणि ठिणगी पडत नाही. पण या निदानाचा मुख्य गुण निराळा होता. बॅटरीला पैसे पडले होते, प्लगला पडले होते, लिंबूसुद्धा पाच रुपयांना आलं होतं. डायवरला दोष द्यायला काहीच पडत नव्हतं. मामा सर्वांदेखत त्याला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको तू. मी बघतो." त्याने किल्ली कट्ट्यावर ठेवली आणि तो गेला. मामांनी स्टँडवरचा एक पोरगा धरला. गाडी धक्क्यावर चालू व्हायची ती होतच राहिली, फक्त चोक ओढणारा हात बदलला.

कॉलेजात मी तत्त्वज्ञान हा विषय घेतला होता (तो का घेतला, याला मात्र थंडीही पुरणार नाही). त्यात अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' होता. कारण म्हणजे काय, यावर या नैयायिक मंडळींनी एवढा विचार करून ठेवला आहे, की त्यांच्यातला एखादा गॅरेज काढून बसता तर गावाचं कल्याण झालं असतं. त्यांचं आवडतं उदाहरण मडक्याचं. माती हे एक कारण, कुंभार, त्याची काठी आणि चाक ही निमित्तकारणं. पण मडकं घडण्याआधी तिथे बरंच काही हजर असतं, ते सगळंच कारण नव्हे. अशा फुकट हजर असलेल्यांना ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. विश्वनाथ पंचाननाच्या 'भाषापरिच्छेदा'त त्यांचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यात कुंभाराचा बाप आहे आणि माती वाहणारं गाढव आहे. बाप नसता तर कुंभार नसता, हे खरं. पण मडक्याचं श्रेय बापाला नाही. गाढवही समोर उभं आहे, पण माती बैलगाडीने आणली असती तरी मडकं झालंच असतं.

सेनगावच्या अंगणात तेव्हा मडकं एक आणि गाढवं नऊ, अशी अवस्था होती. पेट्रोल, प्लग, दक्षिण दिशा, दृष्ट आणि डायवर, सगळे घटनास्थळी हजर. यातला कोण कारण, हे ठरवायची कसोटीही त्याच शास्त्रात आहे: जे असताना घडतं आणि नसताना घडत नाही, ते धरा. आणि पुरावा तर ते आठ जण रोज सकाळी हातांनी ढकलून ढकलून देत होते! धक्का मारला की गाडी पहिल्या हिसक्यात चालू होते, याचा अर्थ पेट्रोल ठीक, प्लग ठीक, आणि चोकही ठीक. इंजिन पेट्रोलने तुंबलं असतं तर दहा पावलांत चालू झालं नसतं. म्हणजे दोष फक्त किल्लीपासून स्टार्टरपर्यंतच्या मामल्यात होता. डायवर निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र रोज सकाळी आठ सह्यांनिशी मिळत होतं. पण धक्का मारताना माणसाची मान खाली असते. तो वाचत नाही.

मी नाताळात सेनगावला गेलो, तेव्हा ट्रॅक्टरची वायरिंग करणाऱ्या एका मिस्त्रीला बोलावलं होतं. तिशीचा, फारसं न बोलणारा. त्याने बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "गाडी कोन चालवतं?" पोराला पुढे केलं. त्याला चार प्रश्न विचारून मिस्त्री म्हणाला, "ह्यो नाही. आधी कोन होतं?" मामा म्हणाले, "त्याचं काय काम? तो येत नाही आता." मिस्त्रीने पाना खिशात टाकला. "पेशंटाला बोलता येत नसतंय गुरुजी. जवळ झोपणाऱ्याला इचारावं लागतंय." आणि त्याने मोटारसायकलला किक मारली. मी मागे बसलो.

डायवर शेतात होता. रात्रीच्या लाइटीवर हळदीला पाणी देऊन बांधावर शेकत बसला होता. डोळे तांबारलेले. मिस्त्रीने बसून घेतलं, हात शेकले आणि विचारलं, "भाऊ, काय होतंय गाडीला?"

तो आधी माझ्याकडे बघून गप्प राहिला. मग म्हणाला, "म्या सांगितलंय की एकदा. चोकची तार पोळती."

"किल्ली मारताना?"

"तवाच. बाकी येळला गार."

मिस्त्री उठला. "झालं," म्हणाला. शेकोटीपाशी दोन मिनिटंही गेली नसतील.

अंगणात येऊन त्याने एक जाड केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं थेट इंजिनला, आणि मला किल्ली फिरवायला सांगितलं. सकाळचे साडेसात, गारठा कालच्याइतकाच, घोंगडी अजून बॉनेटच्या कडेला लोंबत होती. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. मिस्त्रीने खाली वाकून इंजिन आणि बॉडी यांच्यामधली तारेची एक विणलेली पट्टी काढून दाखवली. तिला ते लोक अर्थची पट्टी म्हणतात. हिरवी-पांढरी बुरशी आल्यासारखी, निम्मे धागे तुटलेले. स्टार्टर फिरवायला वीज बॅटरीतून इंजिनात जाते, आणि या पट्टीवरून बॉडीमार्गे परत बॅटरीत येते. येण्याचा रस्ताच बुजलेला. मग वीज काय करणार? मिळेल त्या धातूवरून वाट काढणार. चोकची तार इंजिनापासून डॅशबोर्डच्या पत्र्यापर्यंत जाते, म्हणून ती तिच्यावरून निघाली होती. एवढीशी तार, तिच्यातून एवढी वीज. पोळेल नाही तर काय?

म्हणजे गाडीला अर्थ लागत नव्हता, आणि अर्थ न लागताच तिच्यावर आम्ही आठवडाभर भाष्य करत होतो.

मग मामांनाच सगळं आठवलं. तीस वर्षं त्यांनी फळ्यावर ओहमचा नियम लिहिला होता. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ते मला आकडेमोड करून दाखवू लागले. पट्टीतला विरोध समज एका ओहमचा फक्त पन्नासावा भाग. हॉर्नला पाच अँपिअर लागतात, त्यात व्होल्टचा दहावा भाग जातो, कुणाच्या कानाला कळणार? पण स्टार्टर थंडीत दीडशे अँपिअर मागतो. दीडशे भागिले पन्नास, तीन व्होल्ट! बॅटरीने दिलेल्या अकरातले तीन वाटेतच गडप. (सरकारी योजनांबद्दल याहून वाईट ऐकलं आहे.) उन्हाळ्यात ऑइल पातळ असतं, स्टार्टर कमी ओढतो, बॅटरीही जोमात असते, म्हणून भागून जायचं. थंडीने पट्टी कुजवली नव्हती. कुजलेली पट्टी तिने उघडी पाडली, इतकंच.

हा ओहमही शाळामास्तरच होता. कोलोनला शिकवायचा. १८२७ साली त्याने आपला नियम छापला, तर त्याच्याच देशातल्या पंडितांनी त्याचं स्वागत आमच्या डिसेंबरपेक्षा थंड केलं आणि त्याला नोकरी सोडावी लागली. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं ते १८४१ साली. मामांनी ही गोष्ट वर्गात दरवर्षी सांगितलेली. त्या दिवशी सांगताना मात्र ते मधेच थांबले आणि चष्मा पुसायला लागले.

माझा खरा प्रश्न इथून सुरू होतो. पट्टी तर आदल्या वर्षीही कुजतच होती. ती सोडून सगळे डायवरवर का घसरले? मला वाटतं, आपण कारण निवडताना खरं कोणतं हे पाहत नाही, उलट कोण बोलणार नाही हे पाहतो. पूर्वी बरं होतं. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, त्याआधी गाडी समोरून हँडल मारून चालू करावी लागे. चुकलं, की हँडल उलट फिरून मनगट मोडायचं. जागच्या जागी उलट उत्तर देणारं असं कारण पुन्हा झालं नाही. थंडी उत्तर देत नाही, ग्रह देत नाहीत, आणि फेरीवर पैसे घेणारा माणूस तर किल्ली कट्ट्यावर ठेवून निघून जातो. तो सांगत होता ते चुकीचं म्हणून कुणी फेटाळलं नव्हतं. ते कुणी तपासलंच नव्हतं. न्यायशास्त्रात विश्वासू माणसाचा शब्द हेसुद्धा प्रमाण मानलं आहे. तो 'आप्त' कोण, तर ज्याने वस्तू स्वतः पाहिली आहे आणि ती जशीच्या तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायनाने तर बजावलं आहे, की ही व्याख्या ऋषींना, आर्यांना आणि म्लेच्छांना सारखीच लागू. चोक धरणारं बोट ज्याचं, तोच त्या अंगणातला एकमेव आप्त होता. बाकी आम्ही सगळे नातेवाईक.

संध्याकाळी मामांनी एका पोराबरोबर डायवरला निरोप पाठवला: "यंदा थंडीच फार होती. गुरुवारपासून येत जा."

पुन्हा थंडी!

मी मामींकडे तक्रार केली. मामी म्हणाल्या, "म्हातारा माणूस, नाही येत तोंडातून. थंडीवर ढकललं तर कुणाचं काय गेलं? तिला काय वाईट वाटणार आहे?" यात तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. कुणालाही खाली मान घालावी न लागता दोन माणसं पुन्हा बोलायला लागतात, हा थंडीचा फार मोठा उपयोग. संसारात असे निरोप नसते तर निम्मी घरं मोडली असती. पण इथे हिशेब वेगळा होता. "याला गाडी दिली की इंजिन खराब करतो," असं एव्हाना स्टँडवर झालं होतं. ते बोलणं आठ जणांसमोर झालं होतं; निरोप मात्र एका पोराच्या हाती गेला. थंडी जाईल तेव्हा ते बोलणं तिच्याबरोबर जाणार नव्हतं. मी मामांना तसं सांगून पाहिलं. आमच्याच जिल्ह्यात औंढ्याला नामदेवांना मागे पाठवलं तर देऊळ त्यांच्याकडे फिरलं, अशी आख्यायिका आहे. मामा त्या देवळापेक्षा जड आहेत. त्यांनी पेपर उघडला.

गुरुवारी सकाळी डायवर आला. मिस्त्रीने नवी पट्टी बसवलेली होती. तरी चौकातले आठही जण सवयीने येऊन गाडीमागे उभे. डायवरने चोक धरला, किल्ली फिरवली, गाडी चालू झाली, आणि आठ जण हात पुढे करून तसेच राहिले. मामा पायरीवरून उतरून खिडकीपाशी गेले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा, वर्गातल्या आवाजात त्यांनी विचारलं, "काय रे, चटका बसतो का अजून?"

"नाही गुरुजी."

"तेव्हा बसत होता."

"बसत होता की."

"हं," मामा म्हणाले आणि आठ जणांकडे एकदा चष्म्यावरून पाहून आत गेले.

एवढ्याने भागलं की नाही, यावर मामींचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांच्या मते तीस वर्षांत मामांनी एवढं कुणासाठी केलं नाही. माझ्या मते मधल्या पाच फेऱ्यांचे पैसे शिल्लक राहतात. निघताना मी मामांना तसं विचारलंही. ते म्हणाले, "हळद निघाली की बघू." हळद डायवरची, पैसे मामांचे. त्याची हळद निघण्याचा आणि यांनी पैसे देण्याचा संबंध कोणता, हे मला हिंगोली येईपर्यंत लागलं नाही. डायवरला विचारलं, तर तो म्हणाला, "फेब्रुवारीत निघंल. तवर थंडी बी ऱ्हात नाही."